नवीन बेस घेण्याआधी: ॲम्प, ओहम आणि एक उलटी वायर

आजचा भाग जरा टेक्निकल आहे, पण घाबरू नका, दहावीच्या विज्ञानाच्या फार पलीकडे जाणार नाही. विषय आहे बेस. यात्रेत, वरातीत, विसर्जनाला टेम्पोवर जे मोठे काळे बॉक्स रचलेले असतात ते, आणि त्यांना चालवणारी मशीन, म्हणजे पॉवर ॲम्प्लिफायर. एका मशीनवर किती बेस लावायचे, कसे जोडायचे, आणि आवाज कमी पडतोय असं वाटलं की खिशात हात घालायच्या आधी काय काय तपासायचं, हे आज बघू.

आमच्या भोर-वेल्ह्याकडे, म्हणजे वेल्ह्याला आता राजगड तालुका म्हणायचं, चैत्रात गावोगावच्या यात्रा सुरू होतात. मग लग्नसराई, मग पावसाळ्याची सुट्टी, मग गणपती आणि नवरात्र. साउंडवाल्याची वर्षाची कमाई एवढ्याच दिवसांत होते. आणि कॉइल जळते तीसुद्धा एवढ्याच दिवसांत. ऐन वरातीत चारातले दोन बेस गेले की त्या दिवसाचे पैसे जातात, रिपेअरिंगचा खर्च येतो आणि पुढच्या सुपाऱ्याही तुटतात. त्यामुळे हा विषय फक्त हौशी पोरांचा नाही, घर चालवणाऱ्यांचा आहे.

आधी एक गंमत. आपल्याकडे, शेजारच्या साताऱ्यात आणि पुढं सांगली-कोल्हापूरला तर जास्तच, या सगळ्या सेटअपला 'डॉल्बी' म्हणतात. ज्यांच्या नावावरून हा शब्द आला त्या रे डॉल्बी यांनी १९६५ मध्ये लंडनला कंपनी काढली ती टेपमधली खरखर कमी करायला. म्हणजे ज्या माणसानं नको असलेला आवाज कमी करण्याचं यंत्र बनवलं, त्याच्या नावानं आपण भिंती हलवतो. असो.

माझा मामेभाऊ नसरापूर-वेल्हे पट्ट्यात साउंड चालवतो. चार बेस, चार टॉप, एक टेम्पो, भाड्याचा जनरेटर. मी दिवसभर पुण्यात बसून कोड लिहितो, पण बीटेकच्या पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल सगळ्यांनाच असतं, म्हणून घरातली सगळी वायरिंगची प्रकरणं माझ्याकडे येतात. यात्रांच्या आधी त्याचा फोन आला. म्हणाला, "दादा, बेस कमी पडतोय. पतसंस्थेतनं कर्ज काढून अजून दोन बॉक्स घेतो. हायेत त्याच मशीनवर चालतील ना?"

या एका प्रश्नाचं नीट उत्तर द्यायला आजचा अख्खा भाग लागणार आहे. चला.

पहिली गोष्ट ओहम. जर्मनीच्या गेऑर्ग ओहम यांनी १८२७ मध्ये हा नियम छापला आणि आजही प्रत्येक डीजे त्याच्यावरच चालतो. बॉक्सच्या मागं ८ ओहम किंवा ४ ओहम लिहिलेलं असतं. ओहम म्हणजे अडथळा. पाण्याच्या पाइपासारखं समजा. ८ ओहम म्हणजे अरुंद पाइप, ४ ओहम म्हणजे रुंद पाइप. मशीन ही मोटर. रुंद पाइप लावला की मोटरला जास्त पाणी द्यावं लागतं.

आता गफलत कुठं होते बघा. एका बॉक्सच्या लिंकमधून दुसऱ्या बॉक्सला वायर मारली की ते दोन पॅरलल झाले. आपल्याला वाटतं दोन ८ ओहमचे मिळून १६ झाले. नाही. पाण्याला वाट दुप्पट झाली, म्हणजे अडथळा निम्मा झाला. दोन ८ चे ४ होतात. तिघांचे २.६७. चौघांचे २. सगळे बॉक्स सारखे असतील तर नियम सोपा आहे: एका बॉक्सच्या ओहमला बॉक्सच्या संख्येनं भागा.

दुसरी गफलत बॉक्सच्या आत असते. डबल १८, म्हणजे एका पेटीत १८ इंची दोन स्पीकर. आतले दोन्ही ८ ओहमचे आणि आतल्या आत पॅरलल जोडलेले असतात, म्हणून पेटी बाहेरून ४ ओहमची. मामेभावाचे चारही बेस असेच. एका चॅनेलला असे दोन लावले की मशीनला २ ओहम दिसतात. त्याची मशीन दोन चॅनेलची, दोन्ही चॅनेलला दोन-दोन बेस. म्हणजे तो आधीच २ ओहमवर होता. अजून दोन बेस घेतले तर चॅनेलला तीन-तीन होणार. ४ भागिले ३, म्हणजे १.३३ ओहम.

मशीनच्या मागच्या पत्र्यावर किंवा माहितीपत्रकात कमीत कमी किती ओहम चालतील ते लिहिलेलं असतं. काहींवर ४, काहींवर २. १.३३ चालेल असं लिहिलेली मशीन या कामात जवळजवळ दिसतच नाही. तर त्याच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर साधं आहे. नाही, त्या मशीनवर चालणार नाहीत.

का, ते आकड्यांत बघू. समजा एक मशीन ८ ओहमला ८०० वॅट देते. तेव्हा तिच्या तोंडावर ८० व्होल्ट असतात आणि १० अँपिअर करंट जातो. तेच ८० व्होल्ट ४ ओहमवर टिकवायचे तर २० अँपिअर लागतील, २ ओहमवर ४० अँपिअर. आतले ट्रान्झिस्टर आणि पॉवर सप्लाय कुठंतरी हात टेकतात. म्हणून खऱ्या मशीनवर ८ ओहमला ८०० लिहिलेलं असेल तर ४ ओहमला १६०० नसतं, १२००-१३०० असतं. २ ओहमला आकडा आणखी वाढतो, पण उष्णता त्याहून जास्त वाढते. फॅन फुल सुटतो, मग प्रोटेक्ट लाइट लागतो आणि ऐन टायमाला मशीन गप्प बसते. मे महिन्यात, टेम्पोच्या बंद रॅकमध्ये, वर ताडपत्री. सांगायला नको.

एक गोष्ट मनात पक्की करा: मशीनला ओहम दिसतात, बॉक्सला व्होल्ट दिसतात. पॅरलल जोडलेल्या प्रत्येक बॉक्सला तेच व्होल्ट मिळतात. मशीन दमली नाही तर तिसरा बॉक्स लावल्यानं पहिल्या दोघांचं काहीच कमी होत नाही. "वॅट वाटले जातात" असं जे म्हणतात ते पूर्ण खरं नाही. मशीन दमते, व्होल्ट खाली येतात, मग सगळ्यांचंच कमी होतं.

आता वॅट. बॉक्सवर तीन आकडे असतात. आरएमएस किंवा कंटिन्युअस, मग प्रोग्रॅम, मग पीक. साधारण प्रोग्रॅम हा कंटिन्युअसच्या दुप्पट आणि पीक चौपट असतो. दुकानात मोठा आकडा दाखवतात, तुम्ही छोटा विचारा. समजा पेटी १२०० वॅट कंटिन्युअस, ४ ओहम. तर त्या पेटीसाठी मशीन १२०० ते २४०० वॅटच्या मधली हवी, तेवढ्याच ओहमला. दोन पेट्या एका चॅनेलला असतील तर चॅनेलनं २ ओहमला किमान २४०० द्यायला हवेत. हाच मॅचिंगचा अर्थ.

"एवढी मोठी मशीन लावली तर स्पीकर जळेल की!" हा प्रश्न हमखास येतो. मोठ्या मशीननंही जळतो, छोट्यानंही जळतो. छोट्या मशीनचं काय होतं बघा. आवाज पुरत नाही म्हणून गेन वाढवतो. मशीनचे व्होल्ट संपले की गाण्याच्या लाटेचं डोकं सपाट कापलं जातं. ते क्लिपिंग, लाल लाइट. बरेच जण सांगतात की क्लिपिंगमुळे डीसी जातो आणि कॉइल जळते. तसं नाही. लाटेचं डोकं कापलं की ती चौकोनी होत जाते, आणि तेवढ्याच उंचीच्या चौकोनी लाटेत गोल लाटेच्या दुप्पट पॉवर असते. शिवाय गाण्यातल्या मधल्या शांत जागा भरून निघतात, कॉइलला थंड व्हायला उसंतच मिळत नाही. म्हणजे १००० वॅटची मशीन सतत लाल लाइटवर चालवली तर ती २००० च्या जवळ जाऊ शकते. कॉइल जळते ती या सरासरी उष्णतेनं.

उष्णता किती, तर बेसच्या स्पीकरमध्ये गेलेल्या विजेतला जेमतेम ४-५ टक्के भाग आवाज होतो. बाकी सगळी कॉइलची गरमी. १२०० वॅट सतत दिले तर त्या पेटीत एक इस्त्री चालू ठेवल्यासारखंच आहे. तांब्याचा अडथळा गरम झाल्यावर वाढतो, दर डिग्रीला साधारण ०.३९ टक्के. कॉइल २०० डिग्रीला गेली तर अडथळा दीडपटीच्या वर जातो. करंट कमी जातो, आवाज बसतो. वरात तास-दीड तास चालल्यावर "बेस बसला रे" असं वाटतं ना, ते खरंच असतं. आणि ऑपरेटर काय करतो? अजून वाढवतो. कॉइल जाते ती तिथंच.

यावर उपाय लिमिटर. प्रोसेसरमध्ये असतो. हिशोब असा: वॅट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ, म्हणजे व्होल्ट. १२०० गुणिले ४, ४८००, वर्गमूळ साधारण ६९. त्या पेटीला सतत ६९ व्होल्टच्या वर जायला नको. आणि गंमत म्हणजे एक पेटी असो की दोन पॅरलल, आकडा तोच राहतो, कारण बॉक्सला व्होल्ट दिसतात. सोबत ३०-३५ हर्ट्झच्या खालचा भाग कापा. खाली भोक असलेल्या पेटीत ट्यूनिंगच्या खाली कोनला हवेचा आधार राहत नाही, तो नुसता आत-बाहेर आपटतो आणि फाटतो. कानाला काही ऐकूही येत नाही.

आता मुख्य प्रश्न. बेस कमी का पडत होता?

यासाठी डीबी समजून घेऊ. मशीनचे वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डीबी वाढतो. शेजारी शेजारी ठेवलेले, तेवढीच पॉवर मिळणारे बॉक्स दुप्पट केले तर ६ डीबी. आणि कानाला "दुप्पट मोठा" वाटायला साधारण १० डीबी लागतात. मग चाराचे सहा बेस केले तर? साडेतीन डीबी. तेसुद्धा सगळे एकत्र रचलेले असतील आणि मशीन दमली नाही तर. आणि मशीन तर दमणारच होती, म्हणजे तिसरी गोष्ट, नवीन मशीनही घ्यावी लागली असती. साडेतीन डीबीसाठी दोन पेट्या, एक मशीन आणि दोन-तीन हंगाम हप्ते.

मी त्याला म्हटलं, रविवारी येतो, घ्यायचं नंतर बघू. त्याच्या अंगणात चारही पेट्या उतरवल्या. सोबत फक्त एक साधा मल्टिमीटर आणि ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी. हे दोन्ही तुमच्याकडे असलेच पाहिजेत.

मल्टिमीटरनं ४ ओहमच्या पेटीचं रीडिंग ३ ते साडेतीन येतं, ८ ओहमच्या पेटीचं साडेपाच ते साडेसहा. मीटर डीसी अडथळा मोजतो, तो लिहिलेल्या आकड्यापेक्षा थोडा कमीच असतो, घाबरू नका. डबल १८ वर ३ च्या जागी ६ आलं तर आतल्या दोघांतला एक मेला आहे. काहीच आलं नाही तर दोन्ही गेले किंवा वायर तुटली. आमच्या चारही पेट्यांचं रीडिंग बरोबर होतं.

मग बॅटरी. वायर मशीनमधून काढायची, तेच टोक बॅटरीला क्षणभर टेकवायचं. प्लसला प्लस, मायनसला मायनस. कोन बाहेर आला पाहिजे. मोबाइलचा टॉर्च जाळीवर मारला की दिसतो. नुसतं टेकवायचं आणि काढायचं, धरून ठेवायचं नाही. तीन पेट्यांचे कोन बाहेर आले. चौथीचे आत गेले.

त्या पेटीचं सॉकेट मागच्या वर्षी एका रिपेअरवाल्याकडून बदलून आणलं होतं, त्यात दोन वायरी उलट्या लागल्या होत्या. आता हिशोब करा. तीन पेट्या हवा पुढं ढकलतायत, त्याच क्षणी चौथी मागं ओढतेय. तीन वजा एक, दोन. चार पेट्यांचा माल आणि दोन पेट्यांचा आवाज. ६ डीबीचं नुकसान. दोन नव्या पेट्यांनी साडेतीन मिळणार होते, दोन वायरींची अदलाबदल केली आणि ६ मिळाले. लागला एक स्क्रू-ड्रायव्हर.

हे टॉपमध्ये पटकन लक्षात येतं, बेसमध्ये येत नाही. कारण ४० हर्ट्झची लाट साडेआठ मीटर लांब असते. अख्खा टेम्पो तिच्यापुढं लहान. त्यामुळे उलटी पेटी बेसुरी वाजत नाही, ती बाकीच्यांना गुपचूप खाते. याच कारणानं बेस दोन भागांत, स्टेजच्या डावीकडे दोन आणि उजवीकडे दोन, असे ठेवू नका. मधे उभं राहिलं की छाती हलते, चार पावलं बाजूला गेलं की बेस गायब. शक्य असेल तर सगळे एकत्र रचा. लाटेच्या पाव लांबीच्या आत, म्हणजे ४० हर्ट्झला साधारण दोन मीटरच्या आत असतील तर ते एकमेकांना साथ देतात.

दुसरी गोष्ट वायर. मशीन टेम्पोच्या केबिनमागं, एका ठिकाणी तर बेस खाली मंडपाशी आणि मधे २० मीटर वायर. वायर होती १ स्क्वेअर एमएमची. जाऊन-येऊन ४० मीटर तांबं, साधारण ०.७ ओहम. ८ ओहमच्या पेटीला हे ०.७ फार त्रास देत नाही. पण लोड २ ओहमचा असेल तर? व्होल्टचा मोठा हिस्सा वायरच खाते, आणि पेट्यांना मिळायला हव्या त्या पॉवरच्या जेमतेम ५५ टक्केच पोहोचते. अडीच डीबी वायरमध्येच गेले. उपाय दोन. मशीन बेसच्या जवळ न्या आणि लांब केबल सिग्नलची टाका, स्पीकरची नाही. आणि वायर जाड घ्या, अडीच किंवा ४ स्क्वेअर एमएम. ५ मीटर अंतराला ४ स्क्वेअर एमएमची वायर असेल तर नुकसान पाव डीबीसुद्धा नाही. शिवाय एका पेटीतून दुसरीत लिंक मारण्यापेक्षा मशीनपासून प्रत्येक पेटीला वेगळी वायर बरी. प्रत्येक वायरवर निम्माच करंट येतो.

म्हणजे बेरीज करा. उलटी पेटी सुलटी, ६. वायर आणि जागा, मंडपाच्या त्या सेटअपमध्ये दोन-सव्वादोन. आठ डीबीच्या वर. कर्ज शून्य.

मग मी त्याला एकच सांगितलं. हंगामानंतर पैसे उरले तर बॉक्स घेऊ नको, तीच दुसरी मशीन घे. चार चॅनेल होतील, एका चॅनेलला एक पेटी, ४ ओहम. मशीन थंड राहील, क्लिप उशिरा होईल, आणि एक मशीन बसली तरी वरात अर्ध्यावर थांबणार नाही. म्हणाला, "आधी यात्रा होऊ दे दादा."

आता तुमचे जे प्रश्न येतात त्यातले तीन झटपट घेतो.

ब्रिज करायचं का? ब्रिजमध्ये दोन चॅनेल मिळून एक पेटी ओढतात, आणि प्रत्येक चॅनेलला पेटीचे निम्मे ओहम दिसतात. ४ ओहमची पेटी ब्रिजला लावली म्हणजे मशीन २ ओहमवर आहे. मशीनवर ब्रिजसाठी "कमीत कमी ८ ओहम" लिहिलेलं असेल तर ४ लावू नका.

सिरीजमध्ये जोडून ओहम वाढवायचे का? गणितात बसतं. दोन सिरीज, असे दोन पॅरलल, चार ८ ओहमच्या पेट्या परत ८ ओहम होतात. पण प्रत्येक पेटीला निम्मे व्होल्ट, म्हणजे पाव पॉवर. आणि एकाची कॉइल तुटली की जोडीदारही गप्प. अडचणीला ठीक, रोजच्याला नको.

देवळावरच्या कर्ण्यांची मशीन बेसला चालेल का? कर्णे बहुतेक १०० व्होल्ट लाइनवर असतात. तिथं ओहमचा नाही, वॅटच्या बेरजेचा हिशोब असतो: सगळ्या कर्ण्यांचे वॅट मिळवा, ते मशीनपेक्षा कमी हवेत. कीर्तनाला, सूचना द्यायला ते उत्तम. पण त्या १०० व्होल्टच्या टोकाला बेस लावायचा नाही.

आता सुरक्षेचं, हे कान देऊन ऐका. १००० वॅटची मशीन ८ ओहमला देते तेव्हा स्पीकरच्या वायरवर ८९ व्होल्ट असतात. ब्रिजला तर दीडशेच्या वर जातात. उघड्या तारा पिळून, टेप गुंडाळून काम करणं म्हणजे घरच्या लाइनशी खेळण्यासारखंच आहे, त्यात पाऊस. म्हणून स्पीकॉन वापरा. १९८७ मध्ये न्यूट्रिक कंपनीनं तो आणला तो याचसाठी: बोट आत जात नाही, फिरवून लॉक होतो, उलटा बसत नाही. आतली वायर मात्र माणूसच जोडतो, म्हणून बॅटरी टेस्ट.

जनरेटर थ्री-फेज असेल तर न्यूट्रल हातानं हलवून बघा. न्यूट्रल सुटला की एखाद्या फेजवर २३० च्या जागी ४०० च्या जवळ जाऊ शकतात आणि मशीन, लाइट, लॅपटॉप एका झटक्यात जातात. जाणत्या वायरमनकडून अर्थिंग आणि ३० मिलिअँपचा आरसीसीबी बसवून घ्या. आणि आपल्याकडचे रस्ते अरुंद, वर तारा लोंबलेल्या. टेम्पोवर चढून काठीनं तार उचलणारा पोरगा दिसला तर आधी त्याला खाली उतरवा. स्पीकर नंतर.

शेवटचा मुद्दा कायद्याचा. काही जण इथं एपिसोड बंद करतील, पण दोनच मिनिटं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. सार्वजनिक जागेच्या हद्दीवर लाउडस्पीकरचा आवाज तिथल्या मूळ आवाजापेक्षा १० डेसिबल जास्त किंवा ७५, यातलं जे कमी असेल ते. रात्री १० ते सकाळी ६ मोकळ्या जागेत बंद, सरकार वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं. जुलै २००५ मध्ये सुप्रीम कोर्टानं हे नियम उचलून धरले.

आता आपला हिशोब लावा. मोकळ्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज ६ डीबी उतरतो. बॉक्ससमोर १ मीटरवर १२५ असेल तर ६४ मीटरवर ८९. दोन्ही बाजूंना भिंती असलेल्या आळीत तेवढाही उतरत नाही. म्हणजे चार बेस नीट वाजले तर मर्यादा कधीच ओलांडलेली असते. मोबाइलच्या ॲपवर कमी दिसेल, कारण ते डीबी-ए मोजतं, आणि त्यात ६३ हर्ट्झचा बेस २६ डीबी कमी धरला जातो. खिडकीची काच मात्र काहीच कमी धरत नाही. त्या काचेमागं कुणाची तरी आजी असते, कुणाचं तरी बाळ.

आणि मशीनमागं तुम्ही स्वतः असता. अमेरिकेतली निऑश ही कामगारांच्या आरोग्यावर काम करणारी संस्था सांगते की ८५ डीबी-एला ८ तास, आणि पुढं दर ३ डीबीला वेळ निम्मा. १०० ला फक्त १५ मिनिटं. वरात तीन तासांची असते. कानातली गेलेली पेशी परत येत नाही, तिचं रिपेअरिंग कुठंच होत नाही. फोमचे इअरप्लग मेडिकलमध्ये मिळतात, अगदी स्वस्त. ऑपरेटरनं घालायचेच.

मी कुणाला धंदा बंद करा म्हणत नाहीये. माझ्या मामाचं घर त्याच्यावर चालतं. म्हणणं एवढंच की जो साउंडवाला "आमच्याकडे सोळा बेस" म्हणतो, त्याच्यापेक्षा ज्याचे चार बेस शेवटच्या गाण्यापर्यंत साफ वाजतात आणि दहाला बंद होतात, त्याला पुढच्या वर्षी गाव परत बोलावतं. मामेभावाची गेली यात्रा तशीच झाली. एकही कॉइल गेली नाही, आणि दहाला पाच मिनिटं कमी असताना त्यानं स्वतःच फेडर खाली घेतला.

तर गणपतीच्या आधी, एक रविवार काढा. पेट्या उतरवा. मीटरनं ओहम मोजा, बॅटरीनं कोन बघा, वायरची जाडी बघा, मशीनच्या मागचा कमीत कमी ओहमचा आकडा वाचून मार्करनं पुढं मोठ्या अक्षरात लिहा. काय निघालं ते मला व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या भागात घेऊ. पुढच्या वेळी क्रॉसओव्हर आणि टॉप. तोपर्यंत कान जपा. भेटू.